बांधकामाच्या पोलादाच्या भारतीय मानकांची घडण

एखाद्या देशात पोलाद किती निपजले याचे आकडे आर्थिक इतिहासाच्या ग्रंथांत आढळतात. ते पोलाद कोणत्या आकाराचे होते, त्याचे बळ किती होते आणि ते कोणाच्या कसोटीला उतरले होते, याची चौकशी मात्र क्वचितच झालेली दिसते. वस्तुतः आकार आणि कसोटी निश्चित झाल्यावाचून पोलादाचा टन हे केवळ वजन असते. पूल बांधणाऱ्या अभियंत्याला वजन नको असते. अमुक उंचीची, अमुक भार सोसणारी तुळई हवी असते. ती कोणत्याही कारखान्यातून मागविली तरी सारखीच येईल अशी ग्वाही देणारा लेख म्हणजे मानक. मराठीत पूर्वी या अर्थी ‘प्रमाण’ हा शब्द चालत असे. ‘मानक’ हा शब्द भारतीय मानक संस्थेच्या नावाबरोबर रूढ झाला. बांधकामाच्या पोलादाची भारतीय मानके मुख्यतः १९५० ते १९६२ या बारा वर्षांत घडली. ती का घडली आणि घडल्यानंतर त्यांपैकी काही मानके व्यवहारात पूर्णपणे का उतरू शकली नाहीत, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बव्हंशी एकच आहे, आणि ते म्हणजे पोलादाची टंचाई.

या विषयाचा प्रारंभ भारताबाहेर होतो. १८९५ मध्ये हेन्री स्केल्टन या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राला एक पत्र लिहिले. इंग्लंडमधील प्रत्येक वास्तुविशारद व अभियंता आपापल्या मर्जीचे गर्डर मागतो, त्यामुळे कोणताही एक आकार पुरेशा संख्येने लाटणे गिरण्यांना परवडत नाही आणि बाजारात बेल्जियम व जर्मनी येथील माल स्वस्त पडतो, अशी त्याची तक्रार होती. सहा वर्षांनी, एप्रिल १९०१ मध्ये, सर जॉन वुल्फ-बॅरी यांच्या पुढाकाराने अभियंत्यांच्या संस्थांनी एक संयुक्त मानक समिती स्थापन केली. पोलादी छेदांची संख्या १७५ वरून ११३ वर आणि ट्रामच्या रुळांचे प्रकार ७५ वरून ५ वर आणणे, ही तिची पहिली दृश्य कामगिरी होय. याच समितीतून पुढे ब्रिटिश मानक संस्था उभी राहिली.

आकारांची संख्या कमी केल्याने लाभ का होतो, हे लाटण-गिरणीची रीत पाहिली म्हणजे ध्यानात येते. तापून लाल झालेला पोलादाचा ठोकळा खाचा पाडलेल्या अवजड रोलांच्या जोड्यांमधून पुन्हा पुन्हा नेला जातो आणि प्रत्येक फेरीत तो इष्ट आकाराच्या जवळ येतो. प्रत्येक छेदासाठी रोलांचा स्वतंत्र संच कातावा लागतो. एक छेद संपवून दुसरा घ्यावयाचा म्हणजे गिरणी थांबवून संच बदलावा लागतो. सबब, ज्या छेदाची मागणी थोडी त्याची पाळी वर्षातून एखाद्याच वेळी येते आणि मागणाऱ्याला तोवर वाट पाहावी लागते. एकदा कातलेला संच सहजासहजी टाकून देता येत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी विशेष लक्षात ठेवली पाहिजे.

भारतात ब्रिटिश मानक आले ते रेल्वेच्या मार्गाने, आणि प्रथमपासूनच त्याला दोन रूपे होती. एका रूपात ते गुणवत्तेची कसोटी होते. दुसऱ्या रूपात ते परक्याला बाहेर ठेवणारी भिंत होते. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतील कारखाना प्रत्यक्षात येत असताना रेल्वे बोर्डाचे प्रमुख सर फ्रेडरिक अपकॉट यांनी काढलेले उद्गार प्रसिद्ध आहेत. टाटा ब्रिटिश मानकाप्रमाणे रूळ तयार करणार असतील, तर त्यांनी केलेल्या रुळांचा रतल न् रतल आपण खाऊन दाखवू, असे ते म्हणाल्याचे सांगतात. या उक्तीतील उपहास सर्वांच्या लक्षात राहिला, परंतु तिच्यातील अट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. अपकॉट यांचा रोख ‘ब्रिटिश मानकाप्रमाणे’ या शब्दांवर होता. भारतात पोलाद होऊ शकेल हे त्यांना कदाचित मान्य असेल; ते कसोटीला उतरेल हे मान्य नव्हते. सरकारने दहा वर्षे दरसाल २०,००० टन रूळ घेण्याचे कबूल केले होते, तेही माल मानकास उतरेल तरच. १९०७ मध्ये टाटा कंपनी स्थापन झाली, फेब्रुवारी १९१२ मध्ये साकची येथे पोलादाचा पहिला ठोकळा निघाला आणि त्याच वर्षी कलकत्त्याजवळ अलीपूर येथे रेल्वे बोर्डाने सरकारी चाचणीगृह उघडले. पोलाद आणि त्याची चाचणी यांचे भारतातील जन्मवर्ष असे एकच आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमिया व इतर रणक्षेत्रांकडे सुमारे १,५०० मैल लांबीचे रूळ या कारखान्यातून गेले. अपकॉट यांनी आपला शब्द पाळला असता तर त्यांना थोडेसे अजीर्ण झाले असते, असा शेरा सर दोराबजी टाटांनी मारल्याचे नमूद आहे.

भिंतीचे रूप १९२७ मध्ये उघड झाले. भारतीय पोलादाला संरक्षण देणारा पहिला कायदा १९२४ चा. त्याची मुदत संपत आली तेव्हा जकात मंडळाने पुढील व्यवस्थेचा विचार केला. बाजारात दोन प्रकारचे परदेशी पोलाद येत होते. ब्रिटिश पोलाद बहुतांशी मानकास उतरलेले व स्थिर किमतीचे होते. युरोप खंडातील पोलाद स्वस्त होते, पण त्याच्या गुणवत्तेविषयी खात्री देता येत नव्हती. तर्कशुद्ध मार्ग असा की, मानकास उतरलेल्या पोलादावर एक दर आणि न उतरलेल्यावर दुसरा दर बसवावा. परंतु बंदरात उतरणारा प्रत्येक तुकडा तपासणे जकात खात्याला शक्य नाही, असे कारण पुढे आले आणि मानकाऐवजी देशावरून दर ठरले. ब्रिटिश मालावर मूळ जकात आणि ब्रिटिशेतर मालावर त्याखेरीज अधिक जकात, अशी सात वर्षांची तरतूद १९२७ च्या कायद्याने झाली. साम्राज्यांतर्गत मालाला मागच्या दाराने सवलत दिली जात आहे, हा मध्यवर्ती विधिमंडळातील विरोधकांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तथापि मानकांच्या इतिहासाच्या दृष्टीने यातील वेगळाच मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘मानक’ आणि ‘ब्रिटिश’ हे शब्द कायद्यात एकमेकांच्या जागी वापरले गेले. ज्या देशाला स्वतःचे मानक नाही, त्या देशात कसोटीचा प्रश्न कुळाचा प्रश्न होऊन बसतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

१९४७ पूर्वी भारतात मानके मुळीच नव्हती असा मात्र याचा अर्थ नव्हे. रेल्वेने आपल्या पुलांसाठी, डब्यांसाठी व एंजिनांसाठी स्वतःची मानके तयार केली होती आणि १९३० मध्ये त्यांसाठी मध्यवर्ती मानक कार्यालयही काढले होते. १९२२ मध्ये स्थापन झालेले भारतीय भांडार खाते आपल्या खरेदीसाठी वर्णनपत्रे काढीत असे. परंतु ही सर्व मानके खरेदीदाराची होती. रेल्वेला काय हवे ते रेल्वे सांगे आणि लष्कराला काय हवे ते लष्कर. देशातील सर्व उत्पादकांना व सर्व ग्राहकांना समान लागू पडेल असा एकही लेख अस्तित्वात नव्हता. दुसऱ्या महायुद्धात निरनिराळ्या खात्यांना एकाच कारखान्यातून एकाच वेळी माल घेण्याची पाळी आली तेव्हा ही उणीव तीव्रतेने भासली. भारतीय अभियंत्यांच्या इन्स्टिट्यूशनने राष्ट्रीय मानक संस्थेच्या घटनेचा पहिला मसुदा तयार केला. ३ सप्टेंबर १९४६ रोजी हिंदुस्थान सरकारच्या उद्योग व पुरवठा खात्याने संस्था स्थापण्याचे जाहीर केले आणि ६ जानेवारी १९४७ रोजी ती अस्तित्वात आली. जून महिन्यात डॉ. लालचंद वर्मन हे पदार्थवैज्ञानिक तिचे पहिले संचालक झाले. स्वातंत्र्याच्या आधी काही महिने, सत्तांतराच्या धामधुमीत, संस्थेचा हा पाया घातला गेला. १९४६ च्या ऑक्टोबरात लंडन येथे भरलेल्या ज्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय मानक संघटना निर्माण झाली, तिच्यातील पंचवीस देशांमध्ये भारताचा समावेश होता.

या संस्थेची कार्यपद्धती समजून घेतली पाहिजे, कारण पुढील यशापयशाचे मूळ तेथेच आहे. राज्यकर्त्याने मान ठरवून द्यावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. शिवकाळात जमीनमोजणीसाठी पाच हात पाच मुठींची काठी ठरविण्यात आली आणि तिच्या आधारे बिघा व चावर यांची गणना झाली. ती काठी आज्ञेने चालली. औद्योगिक मानक आज्ञेने ठरत नाही. ते संमतीने ठरते. संस्थेच्या विभागीय समित्यांत उत्पादक, ग्राहक, सरकारी खाती आणि शास्त्रज्ञ एकत्र बसत. सभासदांना वेतन नसे. मसुदा तयार झाला की तो संबंधितांकडे मतासाठी पाठविला जाई, आलेल्या हरकतींचा विचार होई आणि मतमोजणीने नव्हे तर सर्वांना पटेल असा मजकूर साधल्यावर तो मंजूर होई. प्रत्येक मानकाला क्रमांक मिळे. पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाच्या मानकाला मिळाला, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. दुसरा क्रमांक संख्यांचे पूर्णांकन कसे करावे या नियमांना मिळाला, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

वरकरणी हा दुसरा क्रमांक क्षुल्लक वाटतो, परंतु पोलादाच्या व्यवहारात त्याचे मोल मोठे आहे. बांधकामाच्या सामान्य पोलादाच्या मानकाचा क्रमांक २२६. त्यात, मेट्रिक मापे आल्यानंतर, ताणबल दर चौरस मिलिमीटरला किमान ४२ किलोग्रॅम व कमाल ५४ किलोग्रॅम असे ठरलेले होते. गंधक व फॉस्फरस यांचे प्रमाण प्रत्येकी शेकडा ०.०५५ पेक्षा अधिक नसावे, अशी अट होती. समजा, चाचणीत ताणबल ४१.६ भरले, तर माल नाकारावा की घ्यावा? उत्पादक म्हणणार, फरक नगण्य आहे. ग्राहक म्हणणार, बेचाळीस म्हणजे बेचाळीस. दुसऱ्या क्रमांकाच्या मानकाने हा तंटा मुळातच मिटविला. मर्यादा जितक्या स्थानांपर्यंत लिहिली असेल तितक्याच स्थानांपर्यंत चाचणीचा निष्कर्ष पूर्णांकित करावा. ४१.६ चे ४२ होतात, म्हणून माल उत्तीर्ण. ४१.४ चे ४१ होतात, म्हणून अनुत्तीर्ण. बरोबर अर्धा उरल्यास जवळच्या सम अंकाकडे जावे, म्हणजे चूक सदैव एकाच बाजूला साचत नाही. मागाहून निघालेल्या मानकांच्या प्रस्तावनेत या नियमाचा उल्लेख ठरीव वाक्याने येत राहिला. शेकडो मानकांतील सहस्रावधी मर्यादांचा अर्थ एकाच पद्धतीने लावण्याची सोय अशी आरंभीच करून ठेवणे, हे दूरदृष्टीचे लक्षण मानले पाहिजे.

आता मुख्य विषयाकडे. १९५०–५१ साली देशातील तयार पोलादाचे उत्पादन सुमारे १०.४ लाख टन होते. धरणे, कारखाने, पूल आणि विजेचे मनोरे यांच्या योजना आखल्या जात होत्या आणि त्यांना लागणाऱ्या पोलादाशी या आकड्याचा मेळ बसत नव्हता. पोलादाचे वाटप युद्धकाळातील १९४१ च्या नियंत्रण आदेशानुसार चालू होते. अशा स्थितीत उत्पादन वाढविणे हा एक उपाय. असलेले पोलाद कमी खर्चात अधिक काम देईल असे करणे हा दुसरा. १९५० च्या सुमारास मानक संस्थेने हाती घेतलेली पोलाद-काटकसर योजना या दुसऱ्या उपायाची होती. तिची चार अंगे होती : छेदांची नव्याने तर्कशुद्ध आखणी, पोलादी बांधकामाच्या आराखड्यासाठी कार्यसंहिता, रिव्हेटऐवजी वितळजोडाचा प्रसार आणि यांस लागणारे प्रयोग. १९५६ मध्ये सर्वसाधारण इमारतीतील पोलादाच्या वापराची संहिता, क्रमांक ८००, आणि वितळजोडाची संहिता, क्रमांक ८१६, ही दोन्ही प्रसिद्ध झाली. १९५७ मध्ये तुळया, चॅनेल व अँगल यांच्या छेदांचे मानक, क्रमांक ८०८, निघाले. या सबंध योजनेचे सार त्याच्यात आहे.

ब्रिटिश तक्त्यांतील इंचांचे मिलिमीटर करून छापणे हा सोपा मार्ग होता. समितीने तो स्वीकारला नाही. तिने प्रश्न मुळापासून घेतला. तुळई वाकू लागते तेव्हा तिच्या वरच्या व खालच्या आडव्या पट्ट्यांवर सर्वांत जास्त ताण येतो. मधल्या उभ्या पट्टीचे काम मुख्यतः या दोहोंना परस्परांपासून दूर धरून ठेवण्याचे असते. म्हणून तुळई जितकी उंच आणि तिची उभी पट्टी जितकी पातळ, तितके त्याच वजनात अधिक बळ मिळते. या तत्त्वावर तुळयांची पाच कुळे आखली गेली : कनिष्ठ, हलकी, मध्यम, रुंद पट्टीची आणि ‘एच’ आकाराची. तक्त्यातील दोन ओळी शेजारी ठेवल्या तरी हेतू स्पष्ट होतो. २०० मिलिमीटर उंचीची मध्यम तुळई मीटरला २५.४ किलोग्रॅम भरते. वाकविणाऱ्या भाराला तोंड देण्याची तिची क्षमता दर्शविणारी संख्या २२३.५ घन सेंटिमीटर आहे. २२५ मिलिमीटर उंचीची हलकी तुळई मीटरला २३.५ किलोग्रॅम भरते आणि तिची तीच संख्या २२२.४ आहे. म्हणजे बळ जवळपास तेवढेच आणि पोलादात शेकडा साडेसातांची बचत. मोठ्या आकारांत हाच प्रकार दिसतो : ५५० मिलिमीटरची मध्यम तुळई १०३.७ किलोग्रॅमची, ६०० मिलिमीटरची हलकी तुळई ९९.५ किलोग्रॅमची, आणि वजनाने कमी असलेली दुसरी तुळई बळाने पहिलीहून थोडी सरस. एका इमारतीत ही बचत डोळ्यांत भरणार नाही. परंतु लक्षावधी टनांच्या हिशेबात ती एखाद्या लहानशा कारखान्याच्या उत्पादनाइतकी होते.

हलक्या तुळईचा पुरस्कार सरसकट करता येत नाही, हेही तितकेच खरे. पातळ उभी पट्टी आधाराजवळच्या भाराने चुरगळू शकते, उंच तुळईने मजल्याची उंची खर्ची पडते, आणि मुंबईसारख्या खाऱ्या, दमट हवेत गंज जाड पट्टीचा जेवढा अंश खातो त्याहून मोठा अंश पातळ पट्टीचा खातो. अभियंत्यांचा जाड मालाकडे असलेला ओढा केवळ जुन्या सवयीचा नव्हता.

छेदांची ही आखणी चालू असताना दोन घटना एकत्र आल्या. एक, मापांची. संस्थेने नेमलेल्या विशेष समितीने १९४९ मध्येच मेट्रिक पद्धतीची शिफारस केली होती. १९५५ मध्ये नाण्यांच्या दशमानीकरणाचा कायदा झाला व १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे चलनात आले. १९५६ च्या डिसेंबरात वजनमापांचा कायदा झाला. दुसरी घटना, नव्या कारखान्यांची. भिलाई सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने, रूरकेला पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने आणि दुर्गापूर ब्रिटिश कंपन्यांच्या संघाच्या साहाय्याने, असे दरसाल दहा दहा लाख टन ठोकळ्यांचे तीन सरकारी कारखाने एकाच वेळी उभे राहत होते. १९५९ साली तिन्ही ठिकाणच्या झोतभट्ट्या पेटल्या. रूरकेल्याचा रोख पत्र्यांवर होता, पण भिलाईत रूळ व अवजड छेद आणि दुर्गापुरात मध्यम व हलके छेद लाटले जावयाचे होते. त्यांच्या जोडीला जमशेदपूर व बर्नपूर येथील जुने, इंचांत विचार करणारे कारखाने होतेच. प्रत्येक देशाचा तंत्रज्ञ आपल्या देशाचे तक्ते घेऊन आला होता. भारताचा स्वतःचा तक्ता तयार नसता, तर एकाच देशात रशियन, ब्रिटिश आणि जुन्या पठडीतील अशा तीन तऱ्हांच्या तुळया निघाल्या असत्या आणि भिलाईच्या तुळईशी दुर्गापूरचा चॅनेल जुळविताना प्रत्येक ठेकेदाराला स्वतंत्र जोडपट्ट्या कराव्या लागल्या असत्या.

येथे काळाचे महत्त्व दिसून येते. रोलांचे संच कातले जाण्यापूर्वी मानक हाती पडले तर ते गिरणीला घडविते. नंतर पडले तर गिरणी मानकाला घडविते. छेदांचे मानक १९५७ मध्ये निघाले आणि भिलाईची रूळ व छेदांची गिरणी १९६० मध्ये सुरू झाली. मधली तीन वर्षे ही भारतीय मानकांच्या इतिहासातील सर्वांत फलदायी वर्षे म्हणता येतील. मेट्रिक मापांचा प्रश्न पाच वर्षे पुढे ढकलला गेला असता, तर नव्या गिरण्यांतही इंचांचे रोल बसले असते आणि तो खर्च पुढील पिढीच्या माथी आला असता. इंग्लंडमध्ये नेमके हेच दुखणे होते. जुन्या यंत्रसामग्रीचा भार असल्यामुळे तेथील उद्योगाने मेट्रिक परिवर्तन १९६५ पर्यंत हाती घेतले नाही.

इतके असूनही, काटकसरीच्या तक्त्यातील कुळांपैकी व्यवहारात सर्वाधिक रुजले ते मध्यम तुळयांचे. हलक्या तुळया सर्व आकारांत सहज मिळत नसत आणि कनिष्ठ तुळया तर क्वचितच. याचे कारण टंचाईच्या स्वरूपातच शोधले पाहिजे. गिरणीच्या कामाचे माप टनांत होते. पंचवार्षिक योजनेची लक्ष्येही टनांतच होती : दुसऱ्या योजनेने तयार पोलादाचे उद्दिष्ट सुमारे ४३ लाख टनांचे ठेवले आणि १९६०–६१ मध्ये प्रत्यक्षात सुमारे २४ लाख टन निघाले. जी गिरणी तेवढ्याच तासांत हलके छेद लाटते, तिचे टन कमी भरतात. म्हणजे राष्ट्राचे पोलाद वाचविणारे काम कारखान्याच्या हिशेबात तूट म्हणून दिसते. ग्राहकाची बाजूही दुबळी होती. नियंत्रणाच्या काळात परवान्यावर जे मिळेल ते घ्यावे लागे. २२५ ची हलकी तुळई मागून सहा महिने थांबण्यापेक्षा हाती असलेली २०० ची मध्यम तुळई वापरून मोकळे होणे त्याला सोयीचे वाटे. प्रा. के. एन. राज यांच्या समितीच्या शिफारशीनंतर मार्च १९६४ मध्ये बहुतेक प्रकारच्या पोलादावरील नियंत्रण उठले, परंतु तोवर संकल्पचित्रे काढणाऱ्या कचेऱ्यांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या. टंचाईने काटकसरीचे मानक जन्माला घातले आणि टंचाईनेच त्याचा मोठा भाग तक्त्यांत ठेवला. समित्यांत उत्पादक बसले होते व त्यांनी संमती दिली होती हे खरे; पण छेदाच्या आकाराला संमती देणे वेगळे आणि तो लाटण्याचा क्रम लावणे वेगळे.

याच काळात दुसरा एक प्रश्न पुढे आला, आणि त्याचे निराकरण अधिक सावधपणे झाले. मोठ्या कारखान्यांखेरीज देशात अनेक लहान पुनर्लाटण गिरण्या होत्या. जुने रूळ, मोडीत काढलेल्या जहाजांचे पत्रे, मोठ्या कारखान्यांनी नाकारलेले तुकडे हा त्यांचा कच्चा माल. मुंबईत दारूखान्याच्या परिसरात जहाजे मोडून निघालेल्या पोलादाचा व्यापार आजही चालतो. हे पोलाद कोणत्या भट्टीतले, त्यात फॉस्फरस किती, हे सांगणारे कागद नसत. १९२७ च्या जकात कायद्याने अशा पोलादाला कुळावरून वेगळे काढले होते. मानक संस्थेने निराळा मार्ग धरला. क्रमांक १९७७ हे ‘सामान्य प्रतीच्या’ पोलादाचे मानक काढून तिने खालच्या प्रतीलाही नाव, मर्यादा आणि वापराची कक्षा दिली. भूकंपप्रवण भागात व हादरे सोसणाऱ्या बांधकामांत ते वापरू नये, साध्या कामांत वापरण्यास हरकत नाही. कमी दर्जाचा माल बाजारातून नाहीसा होणार नाही हे मान्य करून त्याचे स्थान ठरवून देणे यात शहाणपण होते. यात धोकाही होता. कारण ठेकेदाराला दोन प्रतींमधील किमतीचा फरक दिसतो, घरात राहावयास जाणाऱ्याला प्रतींमधील फरक दिसत नाही.

तो फरक दिसावा म्हणून चिन्हाची योजना झाली. १९५२ च्या कायद्याने संस्थेला प्रमाणन-चिन्ह देण्याचा अधिकार मिळाला आणि १९५५–५६ पासून परवाने देण्यास आरंभ झाला. ‘आय. एस. आय.’ ही अक्षरे पुढे इस्त्रीपासून सिमेंटच्या गोणीपर्यंत सर्वत्र दिसू लागली, आणि खेड्यातील ग्राहकही ‘आयएसआय मार्क आहे का’ असे विचारू लागला. परंतु मूलतः हा परवाना ऐच्छिक होता. सिमेंटच्या बाबतीत १९६२ मध्ये गुणवत्ता-नियंत्रणाचा आदेश निघाला. पोलादाच्या अनेक प्रकारांना चिन्ह सक्तीचे करणारा आदेश २०१२ मध्ये आला. संमतीने ठरलेल्या मानकाला आज्ञेचे बळ मिळण्यास पोलादाच्या बाबतीत अर्धशतक लागले. दरम्यान १९८६ च्या कायद्याने संस्थेचे रूपांतर होऊन १ एप्रिल १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो अस्तित्वात आला होता.

मूळ मानकांचे पुढे काय झाले हे थोडक्यात सांगता येईल. क्रमांक २२६ चे मानक १९९२ मध्ये क्रमांक २०६२ मध्ये विलीन झाले आणि सर्व बांधकामी पोलाद वितळजोडास योग्य असावे हे तत्त्व रूढ झाले. पोलादी बांधकामाची संहिता १९६२ व १९८४ मध्ये सुधारली गेली आणि २००७ मध्ये तिची मांडणी नव्या तत्त्वावर झाली. छेदांच्या मानकात १९८९ मध्ये तुळयांच्या नावांतील पहिली दोन अक्षरे गळाली; ‘आयएसएमबी’ ची नुसती ‘एमबी’ झाली. आडव्या पट्ट्यांच्या आतल्या कडा उतरत्या न ठेवता समांतर ठेवलेले, युरोपीय धर्तीचे छेदही पुढे भारतीय मानकांत आले. बाजारात आणि आराखड्यांवर मात्र जुने नाव सुटलेले नाही. कळंबोलीच्या पोलाद बाजारात अथवा एखाद्या तालुक्याच्या गावी लोखंडाच्या दुकानात आजही दोनशेची आयएसएमबीच मागितली जाते.